चारही जिने दिसायला हवेत

पिशवी जागची हललीच नाही. अंतोनीनानं दोन्ही बंद मुठीत धरले, कमरेत वाकली, दम रोखून वर ओढलं, तर पिशवीचा वरचा कपडा तेवढा ताणला गेला आणि बूड फरशीला चिकटून राहिलं. तिला वाटलं, पिशवी घेऊन आलेला हा पोरगाच तिच्यावर पाय देऊन बसलाय. चिडून तिनं खाली पाहिलं. पोराचा एकच बूट होता. दुसऱ्या बाजूला पँट गुडघ्याखाली दुमडून पिना लावलेल्या होत्या आणि कुबड्या पत्रपेट्यांना टेकवून ठेवल्या होत्या. ‘राहू द्या काकू,’ तो म्हणाला, ‘टॅक्सीवाल्यानं कशीबशी इथवर आणली. त्याचीही कंबर धरली. कुणा बाप्या माणसाला हाक मारा.’ वीज सकाळीच गेली होती, लिफ्ट मधेच कुठेतरी लटकलेली होती, आणि पिशवी जायची होती सातव्या मजल्यावर, झोयाकडे. अंतोनीनानं पुन्हा एकदा बंद धरले. या वेळी तिला कळलं की हे आपल्याला उचलणार नाही. आणि पिशवीतली एकूण एक वस्तू तर तिनं स्वतःच्या हातांनी पोस्टातून आणलेली होती. आणताना जड अशी लागली नव्हती. काखेत मारून, वाटेत पाव घेऊन, शेजारणींशी गप्पा छाटत आणली होती.

एकेक करून आणली होती, एवढाच काय तो फरक. बिल्डिंगला चार जिने, आणि चार जिन्यांची चार तोंडं चार दिशांना. पहिल्या जिन्यानं दारापुढे गुलाब लावले की दुसरा जिना बाक रंगवून घ्यायचा. तिसऱ्यानं जिन्याखाली सायकलींना जागा केली की चौथा उंदीर मारायची मोहीम काढायचा. सोसायटीची अध्यक्ष म्हणून अंतोनीनाचं अर्धं आयुष्य या चार संस्थानांत तह घडवण्यात गेलं होतं, आणि त्याआधीचं अर्धं शाळेत उपमुख्याध्यापिका म्हणून, म्हणजे तेच. झोयाच्या मुलाला, ओस्तापला लष्करात बोलावणं आलं तेव्हा तिनंच ग्रुपवर लिहिलं, आपल्या बिल्डिंगचं पोर सरकारी चिलखतावर सोडायचं का? पहिल्या जिन्यानं वर्गणी काढली आणि छाती-पाठीच्या प्लेटींसकट चिलखत घेतलं. मग दुसरा जिना गप्प बसतोय होय! त्यांनी अंगणात टेबल मांडून मधाचे केक विकले आणि कुशीच्या प्लेटी घेतल्या. तिसऱ्या जिन्यानं खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या विकून गळ्याभोवतीची कॉलर आणि खांद्यांचे पत्रे घेतले. चौथ्या जिन्याला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, तर त्यांनी सगळ्यात महागडं शिरस्त्राण आणि ओटीपोट झाकणारं पुढचं झापड घेतलं आणि वर पाठीला आणखी एक जादा प्लेट, कारण त्यांना शेवटचा नंबर आवडला नव्हता. चार पार्सलं चार आठवड्यांत आली आणि चार आठवड्यांत आघाडीवर गेली. चारही एकत्र कधी कुणी पाहिली नाहीत. फोटोतच पाहिली.

‘तुम्ही कोण त्याच्या?’ पोरानं विचारलं. त्याचं नाव सेमेन, ओस्तापच्याच तुकडीतला. ‘शेजारीण,’ ती म्हणाली. खोटं नव्हतं. ‘बरं झालं भेटलात. आईला हे सांगवलं नसतं मला,’ तो म्हणाला आणि कुणी विचारलेलं नसताना बोलायलाच लागला. दवाखान्यात पडून असलेली माणसं असंच बोलतात, गोष्ट मधूनच धरून. ‘तो हे सगळं घालायचा नाही हो. कुणीच घालत नाही. पाठ-पोट झाकायचं, डोक्यावर घालायचं, बाकीचं खंदकात उशाला. तिथं जीव वाचतो तो पळता येतं म्हणून. पण याच्या बिल्डिंगमधे कुणी एक मास्तरीण आहे म्हणे. दर रविवारी तिला फोटो लागायचा. सगळं अंगावर दिसलं पाहिजे, नाहीतर वर्गणीवाले रुसतात. आम्ही तिला नावच ठेवलं होतं, चार जिने. “अरे ऊठ, चार जिन्यांचा वार आला,” असं म्हणायचो. तोही हसायचा.’ सेमेन स्वतःही हसला. ‘त्या दिवशी रविवारच होता. त्यानं सगळं चढवलं, मीच फोटो काढला. तेवढ्यात गाडी आली, चढा म्हणाले. ते काढायला कुठला वेळ? पट्टे सोडायलाच दोन माणसं लागतात. पुढे गाडी सोडून शेतातून पळायचं होतं, झाडांपर्यंत. बर्फ वितळून चिखल झालेला. आम्ही पोचलो. तो मागे राहिला. वर ड्रोन होतं, आणि ड्रोनवाला काही शहाणा लागत नाही, जो सगळ्यात सावकाश पळतो त्याच्यावर सोडायचं. लागलं मांडीत. प्लेटींना ओरखडासुद्धा नाही, बघा हवं तर. मी त्याला आणायला परत गेलो, तेव्हा माझं हे झालं. ओढून आणता आला असता, पण इतका जड.’

अंतोनीनानं विचारलं, ‘आणि त्या बाईचं नाव घ्यायचा का तो?’ ‘नाही,’ सेमेन म्हणाला, ‘बाई म्हणायचा. शाळेतली सवय.’ मग त्यानं कुबड्या ओढून घेतल्या आणि म्हणाला, आता आलोच आहे तर आईला खाली बोलवा, भेटून जातो, तो शेवटी काय म्हणाला ते तिला सांगायचंय. अंतोनीना म्हणाली, ‘झोया घरी नाही.’ झोया घरीच होती. सातव्या मजल्यावर कणीक तिंबून वारेनिकी, उकडायच्या करंज्या, भरत होती, चारही जिन्यांची माणसं जमायची होती म्हणून. ‘केव्हा येईल?’ ‘गावी गेलीय. बहिणीकडे.’ सेमेनच्या चेहऱ्यावर आधी निराशा आली आणि तिच्यामागून लपतछपत सुटका, आणि ती सुटका पाहून अंतोनीनाला बरं वाटलं, जणू खोटं बोलून आपण त्याच्यावरच उपकार केले. तिनं टॅक्सी बोलावली, भाडं दिलं, त्याला आत बसायला मदत केली. दार लावताना तो म्हणाला, ‘मग तुम्हीच सांगा त्यांना. म्हणावं, घाबरला नव्हता. शिव्या देत होता.’ ती म्हणाली, सांगते. टॅक्सी कोपऱ्यावर वळून ट्रामच्या रुळांवरून खडखडत गेली.

बाप्या माणसाला तिनं हाक मारली नाही. पिशवी बंदांना धरून पहिल्या पायरीवर चढवली, मग दुसऱ्या. उचलायची नाही, ओढायची. पायरीची कड प्लेटीला लागली की आतून घणासारखा आवाज यायचा आणि ती थांबून कुणाचं दार उघडतंय का ते ऐकायची. हाच जिना ओस्ताप तीन-तीन पायऱ्या गाळत उतरायचा. कितीदा तरी तिनं त्याचा कान धरला होता, ‘जिना उतरायचा असतो, त्यावरून पडायचं नसतं.’ काडीसारखा पोरगा. शाळेत कवायतीला शेवटचा, धावायला मात्र पहिला. मोठा होऊन चष्म्याच्या दुकानात लागला, म्हाताऱ्यांच्या नाकावर भिंगं बसवायचा, तिचाही चष्मा त्यानंच केला होता; बोटं इतकी हलकी की कानामागे दांडी कधी बसली ते कळायचंसुद्धा नाही. तिसऱ्या मजल्यावर ती पिशवीवरच बसली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. तिला आठवलं नको असलेलं, आणि तेही शब्दन्‌शब्द, कारण ते शब्द अजून फोनमधे होते. एका रविवारी फोटोत कॉलर नव्हती. तिसऱ्या जिन्याच्या एमिलियानं ग्रुपवर लगेच लिहिलं होतं, ‘आमची कॉलर कुठाय? मानेवर आहे की बाजारात?’ आणि अंतोनीनानं ओस्तापला कळवलं होतं, ‘चारही जिने दिसायला हवेत.’ त्यानं लिहिलं, ‘बाई, जरा जड होतं.’ तिनं लिहिलं, ‘दप्तरही तुला जडच व्हायचं.’ पुढे हसरा चेहरा टाकला होता. अर्ध्या तासात नवा फोटो आला होता, कॉलरसकट, पावसात उभं राहून काढलेला.

मग तो शेवटचा. तो तिनं दुपारच्या जेवणाआधी ग्रुपवर टाकला होता, वर लिहिलं होतं, ‘चारही जिने हजर!’ खाली हृदयांची रांग लागली होती. किती वाजता टाकला तेही फोनमधे असणार. तिनं फोन खिशातून काढला नाही. अंत्ययात्रेच्या दिवशी कुठल्या जिन्यानं रस्त्याच्या कोणत्या बाजूला गुडघे टेकून बसायचं, हेसुद्धा तिनंच ठरवून दिलं होतं, म्हणजे गाडी जाताना भांडण नको. गाडी गेली, सगळे गुडघ्यांवर होते, आणि तिच्या मनात आलं होतं की मांडणी छान झाली. हे आत्ता आठवलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. पण शिसारी आली म्हणून पिशवी काही हलकी झाली नाही. ती उठली. आपण काय वाईट केलं? शाळेत प्रयोगाच्या तासाला तिनं कधी एका पोराला चष्म्याशिवाय परीक्षानळीजवळ जाऊ दिलं नव्हतं. झाकावं, आणखी झाकावं, यापलीकडे तिला माया करताच आली नव्हती कुणावर, स्वतःच्या नवऱ्यावरसुद्धा. तो बिचारा मफलरांना कंटाळून दुसरीकडे राहायला गेला. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून अंगणातला रंगवलेला बाक दिसत होता. तिथे तिनं ठरवलं. झोयाला नाही सांगायचं, झोया मरेल. फेदिरला सांगायचं. आजच, फोटोआधी.

कारण पिशवी आता फेदिरची होती. फेदिर चौथ्या जिन्याचा, नळदुरुस्तीवाला, पन्नाशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप. त्याला सोमवारी आघाडीवर निघायचं होतं. ओस्तापचं सगळं सामान शाबूत परत येतंय असं कळल्यावर ग्रुपवर चारही जिन्यांचं प्रथमच एकमत झालं होतं: ओरखडासुद्धा नाही, बघा, काय माल होता आपला! ते फेदिरला द्यायचं. झोयाच्या हातूनच द्यायचं. आणि अंतोनीना पाचव्या मजल्याशी धापा टाकत असताना वरून जड पावलं वाजली आणि फेदिरच खाली आला. ‘अंतोनीना पेत्रिव्ना! अहो, वेड लागलंय का तुम्हाला? आम्ही काय मेलोय वर?’ त्यानं एका हातानं पिशवी उचलली आणि खांद्यावर टाकली. लोखंडी रेडिएटर वाहून वाहून त्याचे खांदे तयार झालेले होते. ‘फेदिर, थांब जरा,’ ती म्हणाली, ‘मला बोलायचंय.’ तो थांबला, पण आधी तोच बोलला, आवाज उतरवून. ‘मलाही बोलायचंय. खरं सांगू का? हे सगळं मी काही घालायचा नाही तिथं. माझा मेव्हणा तिकडेच आहे. तो म्हणाला, दाजी, पाठ-पोट झाका, बाकीचं शेकोटीपाशी बसायला घ्या. पण वरती झोयाला काय सांगणार? आज घालतो, तिचं मन राखतो. तिथं गेलो की अर्धं काढून ठेवीन. तुम्हाला म्हणून सांगितलं, तुम्ही शिकल्यासवरल्या. कुठं बोलू नका म्हणजे झालं.’

म्हणजे सांगायला काही उरलंच नाही. माणूस वाचला, तिनं तोंडसुद्धा न उघडता वाचला. तिला हायसं वाटलं. ‘नाही बोलणार,’ ती म्हणाली. तो पुढे झाला, ती मागे. सहाव्या मजल्यापर्यंत ते हायसं टिकलं. मग त्याच्या पाठीवर हिंदकळणाऱ्या पिशवीकडे बघत चढताना तिला तो परत आलेला दिसायला लागला. अंगणात, रंगवलेल्या बाकावर, सिगारेट ओढत, धडधाकट. कुणीतरी विचारणार, काय रे फेदिर, आमच्या कॉलरीनं वाचवलं ना? आणि तो आपल्या भोळ्या मोठ्या आवाजात सांगणार, कसली कॉलर, मी तर सगळं काढून ठेवलं होतं म्हणून वाचलो, ते सगळं घालून पळणार कोण? झोया खिडकीत असणार. तिच्या हातातलं काम थांबणार. जिवंत फेदिर म्हणजे रोज अंगणात हिंडणारा पुरावा. मेलेला ओस्ताप गप्प होता, सेमेनला टॅक्सीत घालता आलं होतं, पण हा इथेच राहणार होता, चौथ्या जिन्यात, आणि तिचेच नळ दुरुस्त करायला येणार होता. असले विचार करणारी बाई कोण आहे, असं तिनं स्वतःला विचारलंही. उत्तर द्यायच्या आत सातवा मजला आला.

झोयाच्या खोलीत खिडकीशी चांगला उजेड होता. कोपऱ्यात ओस्तापचा फोटो, काळी फीत लावलेला, पुढे पेल्यात पाणी आणि पेल्यावर पावाचा तुकडा. तुकडा रोज बदलला जात असावा, ताजा होता. चारही जिन्यांतून एकेक जण आलं होतं. एमिलिया सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. झोयानं पिशवी उघडली, आणि एकेक वस्तू काढून आधी हातांनी पुसली, नंतर स्वतःच्या ओढणीनं. रडली नाही. ‘किती छान राहिलंय,’ एवढंच म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून फेदिरला सजवायला घेतलं. पहिला जिना झाला, दुसरा झाला. ‘आमची कॉलर अशी उलटी नका लावू, बाई,’ एमिलिया उठून म्हणाली, ‘अहो, मापात बसते का बघा तरी. नळवाल्याची मान ती!’ सगळे हसले, फेदिरही हसला. अंतोनीनानं हे सगळं कुणाच्या अंगावर चढताना पहिल्यांदाच पाहिलं. माणूस हळूहळू नाहीसा होत गेला. शेवटी शिरस्त्राण आणि कॉलर यांच्या फटीत फेदिरचे लालसर गाल आणि मिशा तेवढ्या उरल्या. मग झोया कपाटाकडे गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. ‘हे माझं,’ ती म्हणाली. ‘मांड्यांचं. माझ्या पोराची मांडीच उघडी होती ना. बाकी सगळं तुम्ही सगळ्यांनी झाकलं होतं, तेवढंच राहिलं होतं. ते मी घेतलं, आईनं दिलेली साखळी विकून.’ तिनं खाली बसून ते त्याच्या मांड्यांना बांधलं, पट्टे ओढले, आणि त्याच्या बुटाची नाडी सुटलेली होती तीही तिनंच बांधली, कारण त्याला वाकता येईना. ‘जड नाही ना होत, फेदिर?’ ‘छे, मला कसलं जड,’ फेदिर म्हणाला. आणि झोयाच्या वाकलेल्या पाठीवरून त्यानं अंतोनीनाकडे पाहून हळूच डोळा मारला.

त्या डोळा मारण्यानंच घात केला. त्यात वाईट काही नव्हतं, उलट मायाच होती, एका शहाण्या माणसानं दुसऱ्या शहाण्या माणसाला केलेली खूण. पण ‘आपण दोघं’ असं त्यात होतं, आणि त्या दोघांत तिसरा येऊन बसला, पत्रपेट्यांजवळचा, दुमडलेल्या पँटचा. अंतोनीनाला आपलाच आवाज ऐकू आला, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराचं नाव घेताना यायचा तसा, स्वच्छ आणि थोडा कौतुकाचा. ‘झोया, याला विचार बरं. हा म्हणतोय, तिथं गेलं की अर्धं काढून ठेवीन.’

खोलीत कुणीतरी हसणार होतं ते थांबलं. झोया गुडघ्यांवरच होती. तिनं मान वर केली. ‘खरं का रे?’ फेदिरनं अंतोनीनाकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात, नुसतं न कळणं होतं. ‘अगं झोया, ते आपलं... मेव्हणा म्हणतो की...’ ‘अंगावरचं काढणार तू? माझ्या पोराचं?’ ‘तसं नाही गं, पळायला जरा...’ ‘पळायचंच कशाला, हे अंगावर असताना? माझ्या ओस्तापला बघ. कुठंही लागलं नाही, जिथं झाकलं होतं तिथं कुठंही लागलं नाही!’ ती उठली, त्याचा हात धरला, आणि तो अवजड माणूस तिच्यामागून लहान पोरासारखा कोपऱ्यात गेला. ‘इथं उभा राहून सांग. खंदकाबाहेर पाऊल टाकशील तेव्हा यातलं एकही काढणार नाहीस. त्याच्यासमोर सांग.’ एमिलिया मागून म्हणाली, ‘सांगून टाक रे, आईचं मन आहे.’ फेदिरनं पुन्हा एकदा वळायचा प्रयत्न केला, पण कॉलरीमुळे मान वळेना, सगळं अंगच वळवावं लागलं. अंतोनीनाला अजून बोलता आलं असतं. जे सांगायचं ते चार वाक्यांचंही नव्हतं. सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि ती चष्म्याची काच पुसत होती.

‘नाही काढणार,’ फेदिर म्हणाला. ‘एकही?’ ‘एकही नाही काढणार, झोया. शपथ.’ फेदिर शब्दाचा पक्का माणूस. मंगळवारी येतो म्हणाला तर ताप अंगावर घेऊन मंगळवारी यायचा, हे बिल्डिंगमधलं लहान मूलसुद्धा सांगेल. अंतोनीनाच्या छातीवरचं काहीतरी उतरलं आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. झोयानं त्याच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा प्रयत्न केला, शिरस्त्राण आडवं आलं, तर तिनं त्या शिरस्त्राणाचंच घेतलं. मग म्हणाली, ‘अंतोनीना पेत्रिव्ना, उजेड आहे तोवर काढा तुमचा फोटो. वारेनिकी गार होतायत.’ फेदिर खिडकीशी येऊन उभा राहिला, हात अंगापासून लांब, कारण ते अंगाला टेकतच नव्हते. अंतोनीनानं फोन वर धरला. छाती आली, कुशी आल्या, मांड्याही आल्या.

‘फेदिर, हनुवटी जरा वर,’ ती म्हणाली. ‘तिसरा जिना दिसत नाहीये.’

त्यानं हनुवटी वर केली.